बिनधारेचं घर

भात पिवळं पडाय लागलं की आमच्या हितं सगळ्यांचं चेहरं खुलत्यात आन् माझं हातपाय गार पडत्यात. वरच्या खाचरातनं इंद्रायनी भाताचा वास सुटतो, वाऱ्यावर पार रस्त्यापर्यंत जातो, सुट्टीला आलेली पुन्याची मानसं गाडीच्या काचा खाली घेत्यात आन् तो वास छातीत भरून घेत्यात. मला त्या वासात हळद, झेंडू आन् रगत, तिन्ही एकदम येतं. काय करू, माझ्या नाकाला गेल्या सालानं तसंच शिकवलंय.

आमचं गाव भरे. पिरंगुटाहून घोटवड्याकडं निघालं की लागतं. खाली कंपन्यांचं पत्रं, वर डोंगर, मधी आमची खाचरं. माझं मालक दत्तात्रय, मी त्यांना नुसतं हे म्हनते, खालच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर व्हते आन् सुट्टीला शेत बघायचे. घरात सासू, तिला मी आत्या म्हनते, आन् आमची ओवी, आता कुटं बोलाय लागलीया. एवढंच घर.

तर यंदा बी भात पिवळं पडलं. कापनीच्या आदल्या दिवशी सकाळी हे चहाचा कप खाली ठिवून म्हनले, "शीतल, माझा इळा कुटंय?"

मी ऐकलंच न्हाई असं केलं. चूल इझलेली व्हती तरी फुंकत बसले. ह्यांनी परत इचारलं न्हाई, नुसती वाट बघत बसले. ह्यांचं असं गप बसनं मला मारापेक्षा जड जातं. मार पडतो तवा निदान कळतं तरी, की आला.

तुमी कापनीचा इळा हातात घेतलाय का कदी? हलका असतो, आतल्या अंगानं धार, आन् वाकलेला असा की भाताची मूठ त्याच्यात बरोबर बसावी. लग्न होऊन आले तवा मला त्याच्यात भाताची मूठच दिसायची. आता मान दिसती. माझी न्हाईतर ओवीची. असं लिहू नये, पन दिसतं त्याला काय करू.

गेल्या साली आखाडात लावनी झाली आन् ह्यांची झोप गेली. पाऊस नुसता कोसळत व्हता, खाचरं भरून पानी बांधावरनं उड्या मारत व्हतं, आन् हे कामावरनं येऊन ओल्या कपड्यानिशी उंबऱ्यात बसायचे. म्हनले, मशीन माझं नाव घेतीया, दर ठोक्याला. मी हसले. कंपनीतली पोरं बी हसली, मस्करीत म्हनायची, दत्तादा, मशीन तुमच्या प्रेमात पडलीया. मंग मशीन शिव्या द्याय लागली. मंग मशीननं सांगितलं की घरात तुझी बायको तुला इख घालतीया. मशीन खाली कंपनीत, आन् तिचं ऐकून मार मला घरात.

पहिल्यांदा हात उचलला तवा निमित्त काय, तर डाळ जास्ती पिवळी झाली. थोबाडीत अशी बसली की कानात शिट्टी वाजाय लागली, ती दिवसभर वाजत राहिली. मंग तांब्या फेकला. मंग टीव्हीतली बातम्यावाली बाई माझ्याकडंच बघून बोलती म्हनून पाट्यावरचा वरवंटा उचलून टीव्हीत घातला, काचा ओवीच्या पाळन्यापर्यंत गेल्या. ओवी झाली तवा हाच मानूस दवाखान्याच्या दारात उभा राहून रडला व्हता, पोरगी झाली म्हनून आनंदानं. त्याच हातांनी माझा अंगठा उलटा वाकवला, कट्ट आवाज येईपर्यंत. अजून पावसाळी हवेत दुखतो.

एक सांगते. मारताना ह्यांच्या तोंडावर राग नसायचा. भीती असायची. साप ठेचताना मानसाच्या तोंडावर असती तशी. मला लई उशिरा कळलं, की त्या घरात आमी दोघं एकमेकाला भीत व्हतो, आन् माझ्यापेक्षा तेच जास्त.

आत्या म्हनली बाहेरचं हाय. माहेरच्या वळखीनं एक देवऋषी काढला, त्याच्याकडं नेलं. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, लिंबाच्या डहाळ्यानं पाठ सोलून काढली, ह्यांच्या पाठीवर वळ उठलं, मी तोंडात पदर कोंबून बसलेली. शेवटी ह्यांनी एक बुक्की अशी ठिवून दिली की देवऋष्याचा पुढचा दात त्याच्याच ताटात पडला, लिंबू-कुंकवात. त्यानं आमाला परत येऊ नगा म्हनून सांगितलं. ते एक बरं झालं. त्यानंतर आत्या दवाखान्याला हो म्हनली.

पुन्याला सरकारी दवाखान्यात डॉक्टरीनबाई व्हत्या. ह्यांच्याशी लई हळू बोलल्या, मशीन काय काय म्हनती ते सगळं इचारून घेतलं, हसल्या न्हाईत. मंग मला बाजूला घेऊन म्हनल्या, "हा आजार आहे. जसा शुगरचा असतो तसा. गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि घरात धारेचं काही हाताशी ठेवू नका." मी आठवी शिकलेले, मला पहिलं निम्मं कळलं. दुसरं सगळं कळलं.

घरी आले आन् लोखंड गोळा कराय लागले. इळे, कोयता, कुऱ्हाड, खुरपी, इळी, सुरी, ह्यांचं दाढीचं पातं, माझी शिवनाची कात्री. हे गोठ्यात व्हते तेवढ्यात ह्यांच्या गादीखाली हात घातला, तर गार लागलं. उशाखाली इळा. वाटलं ह्यांनीच ठिवलाय. तर आत्या म्हनली, "मी ठिवलाय. उशाला लोखंड असलं की बाहेरचं जवळ येत न्हाई. तुझ्या बाळंतपनात तुझ्या उशाला न्हवता का ठिवला?"

ठिवला व्हता की. आमच्याकडं सगळ्याच बाळंतिनींच्या उशाला ठिवत्यात. आईनं आपल्या लेकाला राखायला त्याच्या डोक्याखाली धार ठिवली, आन् मी त्या गादीशेजारी लेकरू घेऊन झोपत व्हते. किती दिवस झोपले ते देवाला ठाऊक.

सगळं पोत्यात भरलं आन् शेजारी हिराकाकूच्या माळ्यावर नेऊन टाकलं. हिराकाकू भावकीतली न्हाई, पन भावकीहून जवळची. नवरा दारूनं गेला, एकटी शेत करती, तोंडानं फटकळ. पोतं बघून म्हनली, आन सगळं, माझ्या घरात आता कुनाला कापाय कुनी उरलं न्हाई.

तवापासनं आमचं घर बिनधारेचं. कांदा बुक्कीनं फोडायचा. वांगी निखाऱ्यात भाजायची आन् कुस्करायची, बटाटा सालासकट उकडायचा, गवार मोडायची, मेथी खुडायची. भोपळा उंबऱ्यावर आपटायचा, बिया घरभर. ओवीची नखं मी दातानं काढायचे. कुनी पाव्हना आला आन् म्हनला, वैनी, जरा लिंबू पिळा, तर लिंबू दातानं फोडून द्यायची लाज वाटायची, म्हनायचे लिंबू संपलं. बिनधारेच्या घरात राहिलं की मानसाला कळतं, आपन दिवसातनं किती येळा कायतरी कापत असतो.

पन लोखंड गेलं म्हनून मार गेला न्हाई. हात व्हते, भिंती व्हत्या, पाट व्हता, दाराची कडी व्हती. हे गोळी जिभंखाली धरून ठिवायचे आन् माझी पाठ वळली की थुकायचे. मला ते तवा कळलं न्हाई. भादव्यात भात पोटरीला आलं, हे डोकं भिंतीवर आपटाय लागले, मशीन बाहेर पडावी म्हनून. भिंतीवरचा गिलावा निघाला. मी मधी हात घालायचे, म्हंजे माझ्या हाताची उशी व्हायची, आन् ह्यांचं डोकं माझ्या बोटांवर बसायचं. वर डोंगराच्या पलीकडं खानीत सुरुंग फुटायचा, घराची भांडी वाजायची, आन् हे म्हनायचे, ऐकलंस, आला ठोका. मंग परतीचा पाऊस आला आन् उभं भात झोडपून आडवं केलं. मी बांधावर उभी राहून बघत व्हते आन् मला वाटलं, मला कुनीतरी बाहेर काढून शेतात पसरलंय.

मंग आली खंडेनवमी.

आमच्या हितं त्या दिवशी हत्यारं पुजत्यात. घरात जेवढं लोखंड असंल तेवढं धुवून पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नैवेद्य. आन् एक नेम असा, की पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा न्हाई. दुसऱ्या दिवशी दसरा झाला की मंग उचलायचं. आत्या म्हनली, लोखंड पुजल्याबिगर भाताला इळा लावायचा न्हाई, आपल्या घराण्यात कदी झालं न्हाई. मी डॉक्टरीनबाईचं सांगितलं, पाया पडले. आत्या ऐकून घेती आन् करायचं तेच करती. सकाळी उटून बघते तर पोतं परत आमच्या दारात. देव्हाऱ्यापुढं पाट, पाटावर सगळी ओळीनं बसलेली, न्हाऊन माखून, कपाळाला कुंकू लावून. माझी इळी सुद्दा. मी मनाला समजावलं, आजच्या दिवस तर कुनी हात लावत न्हाई.

दुपारी जेवाय वाढलं. वरनभात. हे ताटाकडं बघत राहिले, मंग ताट माझ्याकडं सारलं आन् म्हनले, आदी तू खा. मी घास खाल्ला. म्हनले, आता ओवीला चार. मला वाटलं, लेकराला खाताना बघून तरी पटंल. मी ओवीला भरवलं, ओवीनं खाल्लं आन् हसली, तोंडातली शितं गालावर.

"पोरीला बी सवय लावलीस व्हय इखाची," हे म्हनले.

मंग काय काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यानं आठवतंय. ताट भिंतीवर फुटल्यागत वाजलं. माझी वेनी ह्यांच्या मुठीत. दाराची चौकट डोळ्यापुढं आली आन् कपाळाला लागली, परत लांब गेली, परत आली. डोळ्यात गरम पानी आलं, पुसलं तर लाल. आत्या मधी पडली तर तिला लाथेनं उडवली, ती भाताच्या कनगीवर जाऊन आदळली. पोटात लाथ, पाठीत लाथ. मी ओवीला पोटाखाली घेऊन कासवागत उंबऱ्यात पडले, ओवी खालनं वरडत व्हती, तिला माझंच वजन लागत व्हतं. आन् मंग लाथा थांबल्या. मी वर बघितलं. हे देव्हाऱ्याकडं निघाले व्हते.

तितं पाट व्हता.

हे पाटापुढं उकिडवे बसले. मला ह्यांची पाठ दिसत व्हती, शर्ट घामानं चिकटलेला. हात पुढं गेला. कुऱ्हाडीच्या पात्यावरनं एक झेंडूचं फूल घसरलं व्हतं, ते उचललं आन् परत नीट बसवलं. हात जोडले. मंग मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"आज न्हाई," म्हनले. "आज ह्यास्नी हात लावायचा नसतो. उद्या."

आवाज चढा नव्हता. बाजाराला कदी जायचं ते सांगावं तसा. आन् जाऊन खाटंवर बसले.

आत्याच्या नेमानं धार घरात आनली, आन् आत्याच्याच नेमानं ती पाटावर धरून ठिवली. मी अजून ठरवू शकले न्हाई, आत्याला बोल लावू का आत्याचं पाय धरू. पन एक हाय. तो उद्या शब्द आत्यानं बी ऐकला. ती कनगीला धरून उटली, कंबरंत वाकलेली, आन् बाहेर गेली. मला वाटलं भिऊन गेली. ती वाडीतली गडीमानसं घेऊन आली. हिराकाकू पुढं, हातात गोठ्यातली दावी. आत्या दारात उभी राहिली आन् म्हनली, "माझ्या लेकराला बांधा. पन मारू नगा."

आमच्या वाडीत कापनी इर्जिकीनं होती. म्हंजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, मजुरी कुनी घ्यायची न्हाई, जेवन तेवढं द्यायचं. हीच मानसं दर साली ह्यांच्या शेजारी वाकून कापायची. त्यांनीच ह्यांना अंगनात ओढून खाली पाडलं. कुनी छातीवर बसलं, कुनी पायावर. ह्यांनी एकाच्या मनगटाचा लचका तोडला, दुसऱ्याच्या नाकावर डोकं मारलं, त्याचं बी रगत, माझं बी, अंगन लाल चिखलागत झालं. पेंढी आवळताना गुडघा देत्यात ना, तसा गुडघा देऊन दावं आवळलं. आन् हे एकेकाचं नाव घेऊन इचारत व्हते, तू बी? आरं, तू बी त्यांच्यातलाच? माझ्याकडं बघून काय बोलले न्हाईत. माझं त्यांना आधीपासनं माहीतच व्हतं.

टेम्पोत भाजीच्या क्रेट ढकलून ह्यांना झोपवलं. मी ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं, हे थुंकले. मी पुसलं. भूगावच्या पुढं गाड्या तुंबल्या तवा शेजारच्या गाडीतली एक बाई काचेतनं बघत व्हती, मी पदरानं ह्यांचं तोंड झाकलं, ऊन लागतंय असं दाखवलं. दवाखान्यात सुई दिली. हळूहळू मूठ सैल झाली. त्या मुठीत माझं केस अजून अडकलेलं व्हतं.

दसऱ्याला मी दवाखान्याच्या बाकड्यावर व्हते, कपाळाला टाकं. तितल्या शिपायानं आपट्याचं पान हातात ठिवलं, म्हनला, सोनं घ्या ताई. मला तवा पहिल्यांदा रडू आलं. तो दिवस मला आन् ओवीला उजाडलाच नसता तर, असं सारखं येत व्हतं मनात. उजाडला व्हता.

आमचं भात वाडीनं कापलं. कुनी बोलवाय गेलं नव्हतं. मी आडव्या झालेल्या भातातनं मुठी काढत व्हते, चिखल कोपरापर्यंत, आन् कुनीच ह्यांच्याबद्दल बोलत नव्हतं, पावसाला शिव्या घालत व्हते सगळी. मंग खळ्यावर झोडनी लागली. पेंढी दोन्ही हातांनी धरायची, डोक्याच्या वर न्यायची आन् दगडावर हानायची, दाना उडतो, परत न्यायची, परत हानायची. मी हानाय लागले. थांबताच येईना. पेंढीतला दाना कवाच संपला व्हता, काड्या तुटून हातात आल्या, मी हानत व्हते. माझ्या तोंडातनं काय निघत व्हतं मला ठाऊक न्हाई. हिराकाकूनं मागनं येऊन मनगट धरलं.

"बास, पोरी. त्याच्यात आता काय न्हाई," म्हनली.

मी बघितलं, सगळी थांबून माझ्याकडं बघत व्हती, जशी ह्यांच्याकडं बघायची तशी. त्या दिवशी मला कळलं की हानन्याला आजार लागत न्हाई, ते सगळ्यांच्याच हातात असतं. ह्यांच्या हाताला कुनीतरी खोटं सांगितलं, एवढंच.

हे घरी आले ते दुसरंच मानूस होऊन. जाड, सुस्त, तोंडातनं लाळ, हात थरथर कापायचा. ओवी बघून लपायची. डॉक्टरीनबाईंनी हळूहळू गोळ्या बदलल्या तशी लाळ गेली, थरथर राहिली. आता रोज माझ्यासमोर गोळी घेत्यात, मंग तोंड उघडून जीभ वर करून दाखवत्यात, लेकरू वैद्याला दाखवतं तशी. मी बघते. नवऱ्याच्या जिभंखाली रोज बघायचं, ह्याच्यासारखं वाईट काम न्हाई. पन एकदा मी बघायची इसरले तर हेच म्हनले, बघितलं न्हाईस. मशीन आता बोलत न्हाई म्हनत्यात. कंपनी सुटली, घरी म्हशीचं बघत्यात.

आन् मी? मी अजून ह्यांच्या पाठीमागनं जाताना आदी खोकते, दचकू नयेत म्हनून. ह्यांनी हात वर केला, नुसता दोरीवरचा टावेल घ्यायला, तरी माझी मान आपोआप खाली जाती. ह्यांना ते दिसतं. मंग टावेल न घेताच बसत्यात, तोंड वलं ठिवून. ओवीला ह्यांच्याजवळ एकटी मी कदी सोडली न्हाई, पान्याला जाताना सुद्दा काखंत. यंदा खंडेनवमीला आत्या ताट घेऊन स्वतः हिराकाकूच्या घरी गेली, माळ्याखाली उभी राहिली आन् तितंच पोत्याला हळदकुंकू लावून आली. म्हनली, यंदा देव तिकडं ऱ्हायला गेल्यात.

तर असं सगळं असताना हे चहा पिऊन इचारत्यात, माझा इळा कुटंय.

दिवसभर त्याच्यावरच चाललं. आत्या म्हनली, दे, गड्याच्या हातात इळा नसला तर तो इर्जिकीत कशाला उभा ऱ्हाईल, बायकांसंगट पेंढ्या वाहील का, तेनंच तो परत खचंल. हिराकाकू म्हनली, खचला तर बसवता येतो, कापलं तर जोडता येत न्हाई. डॉक्टरीनबाईंना फोन केला. त्या म्हनल्या, काम करू द्या, कामानं बरं वाटतं, पण तुम्ही जवळ राहा, आणि पूर्ण धोका गेला असं मी सांगणार नाही. म्हंजे परत माझ्यावरच आलं. शिकलेली, न शिकलेली, सगळी शेवटाला माझ्याच तोंडाकडं बघत्यात, आन् मला तर घाबरन्याबिगर काय येत न्हाई.

सकाळी ओवीला आत्याजवळ घरी ठिवली. खाचरात वाडी जमली. हिराकाकूनं पोतं बांधावर आनून ठिवलं आन् लांब जाऊन उभी राहिली. मी आत हात घातला. ह्यांचा इळा मुठीवरनं वळखू येतो, मूठ ह्यांच्याच हातानं झिजलेली. पातं माझ्याकडं केलं आन् मूठ ह्यांच्याकडं. घेताना त्यांचा हात थरथरला. मंग एक जन म्हनला, दत्तादा, दमानं घे, एक साल आराम केलास, आता आमची लाज काढू नगंस. हे थोडं हसले आन् वाकले.

मी ह्यांच्या शेजारची पात, म्हंजे कापायची ओळ, धरली. खर्र खर्र आवाज चालला, सगळ्यांच्या इळ्यांचा एकच आवाज असतो, पन मला त्यातनं ह्यांचा वेगळा ऐकू येत व्हता. तो जवळ आला की माझी पाठ ताठ. लांब गेला की श्वास. ऊन वर आलं. आन् एकदम ह्यांचा आवाज थांबला.

सगळ्यांचे इळे थांबले. मी मान वर केली. हे उभे व्हते, उजव्या हातात इळा, आन् रगत. भाताच्या पिवळ्या काड्यांवर थेंब थेंब. माझ्या डोळ्यापुढं अंगन आलं, चौकट आली. मंग दिसलं की रगत डाव्या हाताचं हाय. बोट चिरलं व्हतं.

"गोळीचा हात हाय," हे म्हनले. "थरथरतो."

कुनी पुढं गेलं न्हाई. मीच गेले. बांधावरचा दगडी पाला उपटला, तळहातावर चोळला, आन् ह्यांच्या पुढ्यात उभी राहिले, इळ्याच्या टप्प्यात. ह्यांनी डावा हात पुढं केला. आन् उजवा, इळ्याचा, पाठीमागं नेला. नेऊन तितंच धरून ठिवला, मी पाला दाबून चिंधी बांधून होईपर्यंत. सुईला भिनारं लेकरू जसं दुसरीकडं बघतं, तसे ते डोंगराकडं बघत व्हते. खानीत सुरुंग फुटला. ह्यांनी डोळं मिटलं, उघडलं. म्हनले, "खानीचा हाय तो." मला सांगितलं का स्वतःला, कुनास ठाऊक. परत वाकले आन् पात पुरी केली.

दिवस मावळायच्या आधी खाचर रिकामं झालं. घरी आलो. आत्या म्हशीची धार काढाय गोठ्यात गेली, ओवी पडवीत खेळत व्हती. ह्यांनी इळा रांजनाच्या पान्यानं धुतला, लुगड्याच्या फडक्यानं पुसला, आन् माझ्यापुढं धरला. मूठ माझ्याकडं, पातं स्वतःच्या पोटाकडं.

"ठिव," म्हनले. "कुटं ठिवलास ते मला सांगू नगंस."

आन् पडवीतल्या भिताडाकडं तोंड करून बसले, मी कुटं जाते ते दिसू नये म्हनून. गिलावा निघालेलं तेच भिताड. ओवीला वाटलं खेळ हाय. ती धावत गेली, ह्यांच्या शेजारी भिताडाला नाक लावून उभी राहिली, डोळ्यावर हात. आन् मोजाय लागली. तिला एकच आकडा येतो. एक. एक. एक.

मी इळा पदराखाली घेतला आन् पळत सुटले. ठिवला. कुटं ते हितं बी सांगत न्हाई. ठिवून हात मोकळा झाला, आन् तवा ध्यानात आलं की काखंत कुनी न्हाई. ओवी तितं. ओवी त्यांच्याजवळ, एकटी. कापलेल्या भाताची खुंटं पायात घुसत व्हती, मी आले ती कशी आले मला ठाऊक न्हाई, पडवीच्या कोपऱ्याला वळले.

दोघं तशीच व्हती. भिताडाकडं तोंड करून. ओवी मोजून मोजून कंटाळली व्हती आन् ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी व्हती, डोळ्यावर एकच हात उरलेला. ह्यांनी चिंधी बांधलेला हात मांडीखाली दाबून धरला व्हता, दुसरा बी. दोन्ही हातांवर बसले व्हते.

माझा धापा टाकायचा आवाज त्यांना आला असनार. पन वळले न्हाईत.

"झालं का ठिवून?" म्हनले. "आता वळू का?"